रीबूट झालं की मोडेम मुकं. सिरियल पोर्टचं सेटिंग टिकवायचं कसं?

मोंढ्यातला_काटा (लातूर)

नमस्कार मंडळी. आमची मोंढ्यात आडत आहे. दुकानातल्या पीसीवर डेबियन १२ आहे. त्याला दोन यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावलेत. एकावर इलेक्ट्रॉनिक काट्याचं इंडिकेटर, दुसऱ्यावर सिम८०० चिपचं जीएसएम मोडेम. माल मोजला की वजन, भाव आणि हमाली-तोलाई वजा जाऊन पट्टी किती, हा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाईलवर जातो. स्क्रिप्ट भाच्याने लिहून दिली, तो आता पुण्यात. स्क्रिप्ट म्हणजे काही फार नाही, पोर्टवर एको (मजकूर पाठवायची आज्ञा) करून एटी कमांड (मोडेमला कळणाऱ्या आज्ञा) ढकलते एवढंच.

अडचण अशी. लाईट गेली-आली की पीसी आपोआप चालू होतो (बायोसमधे तसं करून ठेवलंय), पण मोडेम ढिम्म. मग मी भाच्याने वहीत लिहून दिलेली एसटीटीवायची (पोर्टचं सेटिंग लावणारी आज्ञा) ओळ टर्मिनलात मारतो, की लगेच मेसेज जायला लागतात. पुन्हा लाईट गेली की पुन्हा तेच. सोयाबीनची आवक सुरू झालीय, मी दुकानात नसलो तर मुनीमजींना हे जमत नाही. ही ओळ कायमची लिहायची कुठं? आरसी.लोकल (पीसी चालू होताना आपोआप चालणारी फाईल) मधे टाकून बघितली. कधी चालतं, कधी नाही. हे ‘कधी कधी’च लई डोकं खायलंय.

परळी_थर्मल (परळी वैजनाथ)

आरसी.लोकल मधे त्या ओळीच्या आधी स्लीप ३० टाका. यूएसबीला उठायला वेळ लागतो. झालं काम.

गोदाकाठ (नांदेड)

स्लीप ३० ने बऱ्याचदा चालेल. ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी का चाललं नाही हेही कळणार नाही. थोडं थांबा.

दादा, आधी मला तीन गोष्टी हव्यात. पीसी नुकताच रीबूट झालेला असताना, वहीतली ओळ मारायच्या आधी:

एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवाययूएसबी० -ए

हे चालवा. मग तेच टीटीवाययूएसबी१ साठी. मग /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी आणि /डेव्ह/सिरियल/बाय-पाथ या दोन फोल्डरांत काय काय आहे ते एलएस -एल ने बघा. आणि वहीतली ओळ जशीच्या तशी इथे द्या.

(मोबाईलवरून मराठी कळफलकावर लिहितेय, म्हणून आज्ञा उच्चाराप्रमाणे देतेय. टर्मिनलात इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे. -एफ मधला एफ कॅपिटल, बाकी लहान.)

मोंढ्यातला_काटा (लातूर)

ताई, बघितलं. दोन्ही पोर्ट ९६०० दाखवतात. इको चालू आहे, आयकॅनन चालू आहे, आणखी बरंच काही आहे जे मला कळत नाही. बाय-आयडी मधे एकच नाव आहे, १ए८६ ने सुरू होणारं. बाय-पाथ मधे दोन आहेत, एकात यूएसबी-०:२:१.० आणि दुसऱ्यात यूएसबी-०:३:१.०.

वहीतली ओळ: एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवाययूएसबी१ ११५२०० सीएस८ -पॅरेनबी -सीस्टॉपबी -सीआरटीएससीटीएस रॉ -इको

आणि एक आता लक्षात आलं. आज मोडेम टीटीवाययूएसबी० वर होतं. वहीतल्या ओळीत १ आहे.

उदगिरी_तूर (उदगीर)

म्हणजे आरसी.लोकल ने मोडेमऐवजी काट्याला ११५२०० वर नेऊन ठेवलं असणार. काटा गप्प, मोडेम पण गप्प. मुनीमजी बिचारे.

गोदाकाठ (नांदेड)

हो, तेच. पण नंबर बदलणं हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा सविस्तर लिहिते, कारण ‘सेटिंग टिकत नाही’ म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचं सेटिंग वेगळ्याच जागी हरवलेलं असतं आणि सगळे एकच उपाय करत बसतात.

सिरियल मोडेमच्या बाबतीत सेटिंग तीन ठिकाणी असतं. एक मोडेमच्या आत, त्याच्या स्वतःच्या स्मृतीत. दुसरं लिनक्सच्या कर्नलमधे, त्या पोर्टपुरतं. तिसरं तुमच्या प्रोग्रॅममधे. रीबूटनंतर काय उरतं ते या तिघांचं वेगवेगळं आहे.

एसटीटीवाय फक्त मधल्याला हात लावतं. त्या पोर्टसाठी कर्नल आपल्या मेमरीत टर्मिऑस नावाची नोंद ठेवतो, त्यात वेग, बिट, पॅरिटी, इको वगैरे असतं. ही नोंद डिस्कवर कुठेच लिहिली जात नाही. म्हणून एसटीटीवायला ‘सेव्ह’ असा पर्यायच नाही, शोधू नका. पोर्ट बंद करून पुन्हा उघडलं तर नोंद राहते, म्हणून तुमचं हाताने मारलेलं दिवसभर टिकतं. रीबूट झालं की मेमरी गेली, नोंद गेली. यूएसबी कन्व्हर्टर काढून पुन्हा लावला तरी ती पुसली जाते आणि पोर्ट ९६०० वर परत येतं. तुम्हाला दिसलेले ९६०० आणि इको हे तेच मूळ सेटिंग.

इकोबद्दल थोडं. मोडेमकडून आलेलं प्रत्येक अक्षर कर्नल मोडेमलाच परत पाठवतो, तुम्ही टर्मिनलापुढे बसलेला माणूस आहात असं समजून. मोडेमने ‘ओके’ म्हटलं की त्याला ‘ओके’ परत जातं. त्याला ती आज्ञा वाटते आणि गोंधळ सुरू. म्हणून नुसता वेग लावून भागत नाही, रॉ आणि -इको दोन्ही पाहिजेत.

आता प्रोग्रॅम. मिनिकॉम, गॅमू, पीपीपीडी, पायथनचं पायसिरियल, हे सगळे पोर्ट उघडताना स्वतःचं सेटिंग स्वतः लावतात. अशा प्रोग्रॅमपुढे एसटीटीवाय मारून काही उपयोग नसतो, ते तुमचं पुसून आपलं लावतात. मिनिकॉमचं डेबियनमधे /ईटीसी/मिनिकॉम/मिनीआरसी.डीएफएल मधे राहतं, गॅमू-एसएमएसडीचं /ईटीसी/गॅमू-एसएमएसडीआरसी मधे. तुमच्या भाच्याची स्क्रिप्ट मात्र एको करते, म्हणजे ती काहीच लावत नाही, कर्नलमधे जे असेल त्यावर विसंबते. म्हणून तुम्हाला एसटीटीवाय लागतंय. तीच ओळ स्क्रिप्टच्या पहिल्या एकोआधी टाकली असती तरी निम्मं काम झालं असतं.

मोडेमच्या आतलं नंतर लिहिते, आत्ता प्रॅक्टिकलला मुलं आलीत.

जुना_टीटीवाय (छत्रपती संभाजीनगर)

ताईंचं बरोबर. फक्त जुन्या माणसांसाठी एक भर, कारण इंटरनेटवर शोधलं की अजून जुनीच पानं वर येतात आणि लोक सेटसिरियल लावत बसतात.

सेटसिरियल आणि एसटीटीवाय वेगळे. मदरबोर्डवरच्या किंवा आयएसए कार्डावरच्या पोर्टचा पत्ता आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाईन) कोणता, चिप १६५५०ए आहे का, हे सेटसिरियल कर्नलला सांगतं. तेही नुसतं सांगतं, कार्डावरचा जंपर ते हलवू शकत नाही. डायलअपच्या काळात इंटर्नल मोडेम कॉम३ वर आणि आयआरक्यू ५ वर बसवायचं, मग सेटसिरियल /डेव्ह/टीटीवायएस२ आयआरक्यू ५, आणि ते टिकवायला डेबियनमधे /ईटीसी/सिरियल.कॉन्फ. नंतर त्याचं /व्हार/लिब/सेटसिरियल/ऑटोसिरियल.कॉन्फ झालं. बंद होताना आपोआप जतन करायचं की हाताने, हे त्या फाईलच्या पहिल्या ओळीत असायचं. लोक ती ओळ न बघता फाईल हाताने बदलायचे आणि दुसऱ्या दिवशी बदल गायब!

व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट सुरू केलं, आपल्याकडे घरोघरी मोडेम यायला त्यानंतर बराच काळ गेला. तेव्हाच्या निम्म्या मोडेमांत तर खरं मोडेमच नसायचं, सगळं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा. असो.

सांगायचं हे की यूएसबी कन्व्हर्टरला आयआरक्यू-बियआरक्यू काही नाही. सेटसिरियल विसरा. ते लागतंच तर जास्त पोर्टच्या पीसीआय कार्डाला. तिथेही हल्ली कर्नल स्वतः ओळखतो. चारच पोर्ट दिसले आणि कार्डावर आठ असले तर बूटच्या ओळीत ८२५०.एनआर_यूआर्ट्स वाढवा, बाकी काही नको.

परळी_थर्मल (परळी वैजनाथ)

मग स्क्रिप्टमधेच ओळ टाकायची आणि स्लीप ३० पण तिथेच, भांडण मिटलं 😄

गोदाकाठ (नांदेड)

स्लीप काही सोडत नाही तुम्ही. 😄

परत आले. नंबर बदलण्याचं बघू. दोन्ही कन्व्हर्टर सीएच३४० चे आहेत (१ए८६:७५२३). या स्वस्त चिपमधे अनुक्रमांक नसतो. म्हणून बाय-आयडी मधे दोघांचं नाव एकच होतं आणि एकच दिसतं. एफटीडीआय कंपनीच्या चिपचे असते तर अनुक्रमांकावरून ओळखता आले असते. आता ओळखायचं ते पीसीच्या कोणत्या भोकात लावलंय त्यावरून. बाय-पाथ मधलं ०:२ म्हणजे २ नंबरचं पोर्ट (तिथला ० हा बसचा नंबर नाही), यूडेव्हच्या (उपकरणं ओळखून त्यांना नावं देणारा लिनक्सचा भाग) भाषेत बहुधा १-२. खात्रीसाठी:

यूडेव्हएडीएम इन्फो -ए -एन /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

यात वर चढत जा, कर्नल्स=="१-२" असं एक पालक उपकरण दिसेल. मग /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी/९९-काटा.रूल्स ही फाईल करून त्यात एकच लांब ओळ:

सबसिस्टिम=="टीटीवाय", सबसिस्टिम्स=="यूएसबी", कर्नल्स=="१-२", सिमलिंक+="मोडेम", रन+="/बिन/एसटीटीवाय -एफ /डेव्ह/%के ११५२०० सीएस८ -पॅरेनबी -सीस्टॉपबी -सीआरटीएससीटीएस रॉ -इको"

(इथे किल्लीचे शब्द कॅपिटल: सबसिस्टिम, सबसिस्टिम्स, कर्नल्स, सिमलिंक, रन. सिमलिंक म्हणजे पोर्टला दिलेलं दुसरं, न बदलणारं नाव. %के मधला के लहान.) काट्यासाठी अशीच दुसरी ओळ, १-३, सिमलिंक काटा, आणि एसटीटीवायमधे काट्याचं जे असेल ते. इंडिकेटरच्या पुस्तिकेत बघा. बरेच २४०० किंवा ९६०० वर असतात आणि काहींना सात बिट, सम पॅरिटी लागते, म्हणजे सीएस७ पॅरेनबी -पॅरऑड. पुस्तिका नसेल तर इंडिकेटर उघडून बघायच्या भानगडीत पडू नका, त्यावर वैधमापनचं सील असतं.

रन मधे पूर्ण पत्ता द्यावाच लागतो. तिथे शेल नसतं, त्यामुळे पाइप, डॉलर, स्लीप (!) चालत नाही. जास्त वेळ चालणारं काही टाकलं तर यूडेव्ह ते मारून टाकतं. एसटीटीवाय क्षणात संपतं म्हणून ते चालतं.

मग स्क्रिप्टमधे टीटीवाययूएसबी१ च्या जागी /डेव्ह/मोडेम. आरसी.लोकल मधली ओळ काढा. आणि कन्व्हर्टरच्या पिनांना आणि पीसीच्या भोकांना चिकटपट्टी लावून ‘मोडेम’, ‘काटा’ लिहून ठेवा. झाडलोट करणाऱ्याने अदलाबदल केली तर नियम बिचारा काय करणार.

केज_कनेक्शन (केज)

यूडेव्हच्या ओळीत कितीही काळजी घेतली तरी उबुंटू २२.०४ वाल्यांनी एक आधी बघा. सीएच३४० लावलं की टीटीवाययूएसबी० क्षणभर येतं आणि नाहीसं होतं. डीमेसेजमधे (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) बीआरएलटीटीवायचं नाव दिसेल. तो अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम आहे, काही ब्रेल यंत्रांतही हाच १ए८६:७५२३ क्रमांक असल्यामुळे तो कन्व्हर्टर ताब्यात घेतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर पॅकेज काढून टाका. माझ्या ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्याने यापायी दोन कन्व्हर्टर बदलून आणले होते, दुकानदाराशी वाद घालून.

डेस्कटॉपवर मोडेममॅनेजर असेल तर तोही नवीन पोर्ट दिसलं की एटी विचारून बघू शकतो. पीसीचं इंटरनेट केबलने असेल तर सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ मोडेममॅनेजर. नसेल बंद करायचं तर यूडेव्हच्या नियमात त्या पोर्टला आयडी_एमएम_पोर्ट_इग्नोर १ द्या.

मोंढ्यातला_काटा (लातूर)

ताई, अर्धं जमलं. दुकान बंद झाल्यावर बसलो होतो. नियम लिहिला, पण भाच्याला फोनवर वाचून दाखवला तर तो म्हणाला सुरुवातीला ॲक्शन=="ॲड" पाहिजे. ते टाकलं. कन्व्हर्टर काढून लावला की /डेव्ह/मोडेम येतं, सेटिंगही बरोबर. पण यूडेव्हएडीएम ट्रिगर (नियम पुन्हा लावायची आज्ञा) मारलं की /डेव्ह/मोडेम गायब होतं! हे काय आता?

गोदाकाठ (नांदेड)

भाच्याचा हेतू चांगला आहे, पण ट्रिगर जी घटना पाठवतं ती ॲड नसते, चेंज असते. चेंजच्या वेळी तुमचा नियम लागू होत नाही. मग यूडेव्हच्या हिशेबाने या उपकरणाला सिमलिंक नाही, म्हणून तो जुना काढून टाकतो. ॲक्शनची अट काढा किंवा ॲक्शन!="रिमूव्ह" करा. मग यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड, आणि ट्रिगर. फक्त मेसेज चालू असताना ट्रिगर मारू नका.

वसमत_हळद (वसमत)

मोडेमच्या आतलं राहिलंच की. आमच्याकडे हळदीच्या गोदामात हेच सिम८०० आहे म्हणून लिहितो.

त्यात एटी+आयपीआर=० असेल तर ते समोरच्याचा वेग ओळखायच्या नादात असतं. चालू झाल्यावर नुसतं ‘एटी’ पाठवेपर्यंत ते काही बोलत नाही, ‘आरडीवाय’ पण म्हणत नाही. पहिली कमांडच मेसेजची गेली तर वाया. म्हणून एकदाच टर्मिनलात जाऊन एटी+आयपीआर=११५२०० द्या, एटीई० देऊन मोडेमचा इकोही बंद करा, आणि मग एटी&डब्ल्यू. ही शेवटची महत्त्वाची, तीच सेटिंग चिपच्या स्मृतीत लिहिते. एटी&व्ही ने काय लिहिलं गेलं ते दिसतं. एटीझेड दिलं तर जतन केलेलं परत येतं, एटी&एफ दिलं तर कारखान्यातलं. या दोघांत गल्लत करू नका.

टेक्स्ट मोड (एटी+सीएमजीएफ=१) मात्र मी दर वेळी स्क्रिप्टमधूनच पाठवतो. मराठीत मेसेज पाठवत असाल तर एटी+सीएसएमपी=१७,१६७,०,८ सुद्धा, आणि एका मेसेजात ७० अक्षरंच बसतात हे धरून चला.

सिम७६०० घ्यायचा विचार असेल तर तिथे आयपीआर तात्पुरतं असतं, कायमचं करायला आयपीआरईएक्स.

आणि पॉवर! मेसेज पाठवताना सिम८०० क्षणभर २ अँपियरपर्यंत ओढतं. यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवलं तर पीसी चालू राहतो आणि मोडेम मधेच रीसेट होतं. मग माणूस पोर्टचं सेटिंग तपासत बसतो आणि पोर्टचा काही दोषच नसतो. वेगळा चांगला ॲडॅप्टर द्या. जिओचं सिम यात घालू नका, हे टू-जीचं मोडेम आहे आणि जिओचं टू-जी नेटवर्क नाही.

मोंढ्यातला_काटा (लातूर)

वेगळा ॲडॅप्टर आहेच, पण तो इन्व्हर्टरवर नव्हता, पीसी होता. आता दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. एटी&डब्ल्यू केलं. ॲक्शनची अट काढली.

आज दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरही उतरला, सगळं बंद पडलं. लाईट आल्यावर मी कशालाच हात लावला नाही, मुद्दाम बाहेर चहा घेत थांबलो. मुनीमजींनी पुढचं पोतं काट्यावर घेतलं आणि पट्टीचा मेसेज गेला. एसटीटीवाय -ए ने ११५२०० आणि -इको दाखवलं. ताई, वसमतचे भाऊ, सगळ्यांचे आभार. वहीतल्या त्या पानावर भाच्याने आता यूडेव्हची ओळ लिहून द्यायची आहे.

गोदाकाठ (नांदेड)

छान. सवड झाली की एको सोडून गॅमू-एसएमएसडी वर या. डिव्हाइस /डेव्ह/मोडेम, कनेक्शन एटी११५२००. मेसेज रांगेत राहतात, गेला नाही तर तो पुन्हा पाठवतो. सेटिंगही तोच लावतो, म्हणजे नियमातला रनचा भाग नसला तरी चालेल, सिमलिंक तेवढा ठेवा.

मोसंबी_बाग (जालना)

धागा वाचून माझंही विचारतो. रास्पबेरी पाय ३, जीपीआयओच्या पिनांवर आरएस-४८५ मॉड्यूल, त्यावर मोटारीचं एनर्जी मीटर, मॉडबस (मीटरशी बोलायची पद्धत) ९६००, आठ बिट, सम पॅरिटी. पॅरेनबी लावतो, तरी रीबूट असो नसो, मीटर उत्तर देत नाही. पिनांवर मधेच लॉगिनचा मजकूर पण दिसतो.

जुना_टीटीवाय (छत्रपती संभाजीनगर)

लॉगिनचा मजकूर म्हणजे पोर्टवर कन्सोल बसलाय. रास्पी-कॉन्फिगमधे सिरियल पोर्टला लॉगिन शेल ‘नाही’ आणि हार्डवेअर ‘हो’ करा. त्याने सीएमडीलाईन.टीएक्सटी मधलं कन्सोल=सिरियल० निघून जाईल.

पॅरिटीचं कारण वेगळं. पाय ३ वर चांगला यूआर्ट (सिरियल पोर्ट चालवणारा भाग) ब्लूटूथला दिलेला असतो आणि पिनांवर मिनी यूआर्ट, टीटीवायएस०. मिनी यूआर्टला पॅरिटी येतच नाही, एसटीटीवायने काहीही लावा. कॉन्फिग.टीएक्सटी मधे डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी टाका, सिस्टिमसीटीएल डिसेबल एचसीआययूआर्ट करा आणि प्रोग्रॅममधे /डेव्ह/टीटीवायएएमए० द्या. ब्लूटूथ जाईल, मोटारीच्या खोलीत ते कुणाला लागतंय.

मोसंबी_बाग (जालना)

ब्लूटूथ गेलं, मीटर बोलायला लागलं. व्होल्टेज १७८ दाखवतंय. ते बहुतेक खरंच तेवढं आहे.